१८१२ची रशिया मोहीम: शिपायांची पत्रं खरी की आठवणी?

दौतटाक
नेपोलियनच्या रशिया स्वारीवर लिहायचं म्हटलं की जो तो नेपोलियनच्या शाही गार्डातल्या सार्जंट बूर्गोन्यच्या आठवणी उघडतो. हा गडी लिहायला बसला १८३५च्या सुमारास. तोवर २३ वर्षं उलटलेली. पाहिलेलं कुठलं आणि वाचलेलं कुठलं, हे त्याला तरी सांगता आलं असतं का? नेपोलियनच्या फौजेचं ३ डिसेंबर १८१२चं २९वं अधिकृत पत्रक म्हणतं, ६ नोव्हेंबरपर्यंत हवा उत्तम, ७ला थंडी सुरू झाली आणि थोड्या दिवसांत ३०,००० घोडे गेले. पुढच्या बहुतेक आठवणी याच साच्यातून निघाल्यात. म्हणून आधी पत्रं. आठवणी घ्यायच्या त्या पत्रांनी दुजोरा दिला तरच.

कुसळ
कुठली पत्रं? कोसॅकांनी, म्हणजे रशियन घोडेस्वारांनी, टपाल लुटलं, ती रशियन दप्तरात पडली आणि १९१३मध्ये पॅरिसला छापली गेली, तीच ना? त्यांत बरीचशी अधिकाऱ्यांची आणि कोठीखात्यातल्या बाबूंची. जलद डाकेला मॉस्को-पॅरिस दोन आठवडे लागायचे आणि वाटेत टपाल लुटलं जातं हे सगळ्यांना ठाऊक. मग लिहितात काय, तर तब्येत ठणठणीत, तुझ्यासाठी फर घेतलीय. २६ ते २९ नोव्हेंबरला बेरेझिना नदी ओलांडताना काठावर बसून पत्र लिहिलं कुणी? तुमचा नियम लावला तर बेरेझिना इतिहासातून गाळावी लागेल.

दौतटाक
अधिकारी सोडा. लिएजकडच्या (आजच्या बेल्जियममधल्या) सक्तीभरतीतल्या पोरांची पत्रं आहेत. एक भाऊ फौजेत आहे, दुसऱ्याला सूट द्या, याचा पुरावा म्हणून घरच्यांनी ती सरकारात दिली, म्हणून टिकली. पुष्कळांना लिहिता येत नव्हतं, सोबत्याकडून लिहून घ्यायचे. ‘हाती लेखणी धरतो ती तुमची खुशाली विचारण्यासाठी’ ही सुरुवात ठरलेली, आपल्या ‘पत्रास कारण की’सारखी. ती ओलांडून मधला मजकूर वाचा: पैसे पाठवा, गावचा अमका कुठे आहे. तिथे कुणाला शूर दिसायची हौस नाही.

कुसळ
आईला काळजी नको म्हणून गाळलेलं असतं त्याचं काय? आणि साच्याचं म्हणाल तर याकोब वाल्टर वाचा. व्युर्टेम्बर्गचा गवंडी, मार्शल नेयच्या सैन्यदलातला साधा शिपाई. त्याची उपासमार सरहद्दीवरची न्येमन नदी ओलांडल्यावर, ऐन उन्हाळ्यातच सुरू होते. विल्नाजवळ (आजचं व्हिल्नियस) जूनअखेरच्या वादळात हजारो घोडे मेले, पोटात राय नावाचं हिरवं, कच्चं धान्य होतं म्हणून. पत्रकातल्या ७ नोव्हेंबरच्या कितीतरी आधी! हिवाळ्यात घोडे घसरून पडले ते नालांना बर्फात पकड घेणारे खिळे नव्हते म्हणून. हे सांगतो कोलँकूर, खुद्द बादशहाचा अश्वशाळाप्रमुख. त्याच्या आठवणी छापल्या गेल्या १९३३मध्ये. तुमच्या नियमाने त्याही बाद.

मोजपट्टी
दोघांनी आधी मापं तरी जुळवा. पत्रकातले उणे १६ ते १८ अंश रेओम्यूर या जुन्या मापाचे आहेत. सव्वापट करा: उणे २० ते २२.५ सेल्सियस. शल्यवैद्य लारे कोटाला थर्मामीटर अडकवून फिरायचा, त्याचे आकडेही रेओम्यूरच. तसेच उचलले की थंडी फुकटात सौम्य होते. रशियन तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या, त्यांत १२ दिवस मिळवा, बोरोडिनोची लढाई २६ ऑगस्टची ७ सप्टेंबर होते. मग बघा, लिहिणाऱ्याची तुकडी त्या दिवशी होती कुठे. नेयने १८-१९ नोव्हेंबरच्या रात्री नीपर नदी ओलांडली ती पातळ बर्फावरून. शाही गार्ड तेव्हा पुढे ओर्शाकडे. गार्डातला कुणी ते ‘डोळ्यांनी पाहिलं’ म्हणाला तर ती ऐकीव गोष्ट. हीच चाळणी पत्रालाही लावा, त्याला वेगळी सवलत कशाला?

दौतटाक
चाळणी मान्य. कोलँकूरही ठेवा, नालांचं त्याला कळणारच. पण २३ वर्षांनी अवतरणचिन्हांत घातलेले संवाद मी मानणार नाही, मग तुकडी कुठेही असो.

कुसळ
संवाद सोडा हवं तर. पण बूर्गोन्य कोरी पाटी घेऊन बसला नव्हता. १८१३मध्ये तो कैदेत पडला, तेव्हाची टिपणं आणि आईला लिहिलेली पत्रं त्याच्या हाताशी होती.

दौतटाक
मग ती पत्रं मला द्या. पुस्तक तुम्ही ठेवा.