आधी जमिनीवरचे दांडे

ताई, घोडेस्वारी शिकणाऱ्या लेकीला थेट अडथळ्यावरून उडी मारायला नेऊ का, असं विचारलंत. कृपया घाई नको. आधी घोड्याला दुडक्या चालीत जमिनीवर आडवे ठेवलेले दांडे ओलांडू द्या, साधारण साडेचार फुटांवर एकेक. आमच्या सरांनी दोन महिने तेवढंच करून घेतलं. उडी घोडाच मारतो, आपण फक्त हात पुढे सोडायचे. मी घाबरून लगाम ओढला, त्याच्या तोंडाला हिसका बसला आणि पुढच्या फेरीत तो अडथळ्यापाशी थांबलाच. बिचाऱ्याची काय चूक! स्पर्धेत अडथळ्याचा दांडा पडला तर ४ दोषगुण, घोडा असा अडून नकार देतो त्याचेही ४; पण घोड्याचा भरवसा परत मिळवायला मला तीन आठवडे लागले.

आणि सोलापूरचं ऊन पाहता सराव सकाळी आठच्या आत उरका. मैदानही बघा, आपली काळी माती सुकली की दगड होते. वाळू असेल तिथेच उड्या.