टीव्हीटीचे सॅम्पल बाहेरच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या कोअर लॅबला द्यायचेत, सुरुवात कुठून करू?

म्हापशाची_व्हेट:

नमस्कार मंडळी. मी म्हापशाजवळ कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते, बी.व्ही.एस्सी. आणि एम.व्ही.एस्सी. दोन्ही परळला झालं. बार्देस आणि पेडण्यात नसबंदीच्या कॅम्पना जाते तिथे टीव्हीटी (कुत्र्यांमध्ये संभोगातून पसरणारी कॅन्सरची गाठ) सतत दिसते, कधी मादीच्या योनीत, कधी नराच्या लिंगावर, एकदोनदा तर नाकात. व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध आठवड्याला एक असे चार ते सहा डोस दिले की बहुतेक कुत्री बरी होतात पण काही होत नाहीत, गाठ अर्धी होते आणि तिथेच थांबते. हे का होतं ते मला शोधायचंय. गाठीत टी सेल (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती शिरल्यात, कुठल्या शिरल्यात, कुठले जीन चालू आहेत वगैरे.

माझ्याकडे मायक्रोस्कोप आणि एक साधा फ्रीज, बस. त्यामुळे एखाद्या व्हेटर्नरी कॉलेजच्या कोअर लॅबमध्ये (सगळ्यांनी मिळून वापरायच्या यंत्रांची लॅब) फ्लो सायटोमीटर (एकेक सेल तपासून मोजणारं यंत्र), सिक्वेन्सिंग, हिस्टोपॅथ असं एकत्र असतं तिथे पैसे भरून काम करून घ्यावं असं डोक्यात आहे. मागच्या वर्षी एका ठिकाणी पाठवून बघितलं होतं, गाठीचे तुकडे फॉर्मलिनमध्ये आणि रक्त कुरियरने. पैसे भरले, दीड महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं की आरएनए तुटलेला आहे आणि सेल मेलेल्या आहेत. आधी कोणी एक शब्द विचारला नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. ज्या कुत्रीचे ते सॅम्पल होते ती नंतर कधी दिसलीच नाही, याचं वाईट अजून जात नाही.

तर कोअर लॅब बाहेरच्या प्रॅक्टिशनरला उभं करतात का, गोव्यातून सॅम्पल न्यायचे कसे, आणि पेपर झाला तर नाव कोणाकोणाचं घालायचं?

फ्लो_वाला:

डॉक्टर, मी एका व्हेटर्नरी कॉलेजच्या कोअरमध्ये सायटोमीटरवर बसतो म्हणून आधी तेवढंच सांगतो. बाहेरच्यांना उभं करतात, बहुतेक ठिकाणी तीन दर असतात, आपल्या कॉलेजचे, दुसऱ्या सरकारी संस्थेचे आणि खासगी. तुम्ही एकट्या गेलात तर खासगीचा दर लागेल, एखाद्या प्राध्यापकांबरोबर प्रोजेक्ट केलात तर बराच कमी. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर कुठल्या संस्थेत कुठलं यंत्र आहे ते बघता येतं, तिथून सुरुवात करा.

पण यंत्र शोधण्याआधी अँटिबॉडीचं (सेलवरच्या ठराविक खुणेला चिकटून ती दाखवणारं प्रथिन) बघा, सगळं तिथेच अडतं. माणसाच्या किंवा उंदराच्या अँटिबॉडी कुत्र्याच्या सेलला बहुतेक वेळा चिकटतच नाहीत, आणि मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये सगळा साठा माणसाचाच असतो. कुत्र्याची सीडी३, सीडी४, सीडी८ (टी सेल ओळखायच्या खुणा) यांची अँटिबॉडी वेगळी मागवावी लागते, यायला वेळ लागतो, महाग असते. काही माणसाच्या चालतात, उदाहरणार्थ सीडी१४चा टीयूके४ क्लोन (अँटिबॉडीचा एक ठराविक वाण), पण चालेल असं गृहीत धरू नका, निरोगी कुत्र्याच्या रक्तावर आधी तपासायचंच. आणखी एक, कुत्र्याच्या न्यूट्रोफिलवरसुद्धा (जखमेत जमणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी) सीडी४ असतं, माणसात तसं नसतं. नुसतं सीडी४ बघून टी सेल मोजल्या तर निम्मा आकडा न्यूट्रोफिलचा निघू शकतो, आणि टीव्हीटीच्या गाठीला जखम असेल तर तिथे न्यूट्रोफिल भरपूर असणार. सीडी३ बरोबर घ्याच.

टीव्हीटीचं एक बरं आहे, गोल सेलची गाठ आहे, सुटी होते पटकन. सुईने काढलेला माल ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळूनच आणा, नाहीतर यंत्राची नळी चोक होते आणि तुमच्या मागच्या माणसाचा स्लॉट जातो. मेलेल्या सेल वेगळ्या काढायचा डाय घालायचा, आणि प्रत्येक रंगाचा एकेकटा कंट्रोल आणायचा. कंट्रोल नसेल तर मी यंत्र चालवून देईन पण त्या आकड्यांवर सही करणार नाही. आणि फ्लोला ताजा माल लागतो, त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे कोअर कुठे आहे त्यावरच तुमचा फ्लो होणार की नाही ते ठरतं.

डिचोलीचो_गुरांदोतोर:

नेण्याबद्दल माझा अनुभव (मी गोचिडींचे सॅम्पल पाठवतो, सत्तरीत २०१५ साली गोचिडीतून पसरणारा माकडताप आल्यापासून गोचिडीकडे बघायची नजरच बदलली). कोकणकन्येने रात्रीची गाडी पकडली की सकाळी मुंबई, हातात थर्माकोलचा डबा, कुरियरवर भरवसा ठेवू नका. विमानाने ड्राय आइस न्यायचा असेल तर माणशी अडीच किलोची मर्यादा आहे आणि एअरलाइनला आधी सांगावं लागतं, मोपाला ऐनवेळी जाऊन होत नाही.

त्यापेक्षा मॅडम आरएनए-लेटर (आरएनए टिकवणारा द्रव) वापरा ना. तुकडा एका बाजूने अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा पातळ कापायचा, नाहीतर द्रव आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग कुजतो. फ्रीजमध्ये महिनाभर टिकतो, बाहेर २५ डिग्रीला आठवडाभर. आपल्याकडे मे महिन्यात २५ डिग्री कुठे आणि जूनमध्ये लाइट गेली की फ्रीजचं काय, ते धरून चाला. फॉर्मलिनचा तुकडा वेगळाच ठेवा, दहापट फॉर्मलिन, २४ ते ४८ तास आणि मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये, आठवडे आठवडे फॉर्मलिनमध्ये पडलेल्या तुकड्यातून डीएनए-आरएनए धड निघत नाही. तुमचं मागच्या वेळी तेच झालं असणार.

फोंडा_ते_पोस्टडॉक:

ताई, मी मूळची फोंड्याची, सध्या अमेरिकेत एका व्हेट स्कूलमध्ये कॅन्सरवर काम करते. इथे कोअर लॅब कशी चालते ते सांगते कारण तुमचा तिसरा प्रश्न त्यातच आहे. महागडं यंत्र एका प्रोफेसरच्या खोलीत पडून राहू नये म्हणून इथे एनआयएचची (अमेरिकन सरकारची आरोग्य संशोधन संस्था) एस१० नावाची ग्रँट असते, त्यात अर्ज करतानाच एनआयएचचा पैसा असलेले किमान तीन मोठे वापरकर्ते दाखवावे लागतात, म्हणजे यंत्र यायच्या आधीच ते सगळ्यांचं असतं. तासाचा दर यंत्राचा मेंटेनन्स, माणसाचा पगार असा खर्च धरून काढतात, नफा काढायचा नसतो. यंत्रापेक्षा तिथला माणूस मोलाचा. वरती फ्लो वाल्यांनी न्यूट्रोफिलचं सांगितलं ना, ते मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते.

नावाचं असं, नुसतं यंत्र चालवून आकडे दिले तर आभारात उल्लेख आणि कोअरचं पूर्ण नाव. पण ज्यांनी पॅनल (कुठल्या अँटिबॉडी एकत्र वापरायच्या ते) ठरवून दिलं, डेटाचा अर्थ लावला, त्यांचं नाव लेखकांत हवंच, तुम्ही फी भरली म्हणून त्यांचा हक्क जात नाही. हे पहिल्या मीटिंगलाच बोलून ईमेलवर लिहून घ्या.

सिक्वेन्सिंग करणार असाल तर प्रत्येक कुत्र्याचं ईडीटीएच्या नळीतलं रक्त पण घ्या (ईडीटीए आणि हेपरिन दोन्ही रक्त गोठू देत नाहीत), हेपरिनचं नको, ते पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची चाचणी) अडवतं. टीव्हीटी त्या कुत्र्याच्या सेलची नसतेच ना, हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या सेल अजून एकाकडून दुसऱ्याकडे जाताहेत, नोविन्स्कीने १८७६ साली गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती. म्हणून गाठीच्या तुकड्यात दोन जनावरांचा डीएनए मिसळलेला असतो, रक्त नसेल तर कुठला कोणाचा ते कळणार नाही. गाठ खरंच टीव्हीटी आहे हे मिक जीनजवळ घुसलेल्या लाइन-१ नावाच्या डीएनएच्या तुकड्याच्या पीसीआरने पक्कं करता येतं, ते स्वस्त आहे, आधी ते करा.

म्हापशाची_व्हेट:

देव बरें करूं सगळ्यांना. एक अडतंय. जी कुत्री बरी होत नाहीत त्यांचेच सॅम्पल पाठवावे असं मी धरलं होतं, खर्च कमी होईल म्हणून. बरोबर आहे का?

फोंडा_ते_पोस्टडॉक:

नाही ताई, हे चुकेल. कुठली बरी होणार नाही ते सहा आठवड्यांनी कळतं, आणि तोवर व्हिन्क्रिस्टीनने गाठीतलं सगळं बदललेलं असतं. पहिल्या डोसच्या आधी प्रत्येक कुत्र्याचे सॅम्पल घ्या, आरएनए-लेटर, फॉर्मलिन आणि रक्त, आणि साठवून ठेवा. नंतर जेवढी बरी झाली नाहीत तेवढी आणि त्यांच्या जोडीला वय, लिंग, गाठीची जागा सारखी असलेली बरी झालेली, एवढीच पाठवा. पैसे तिथे वाचतील. साठवायला उणे ८० डिग्रीचा फ्रीझर जवळच्या कुठल्या संस्थेत मिळतो का विचारा, नुसत्या एका खणाचं भाडं देतात काही ठिकाणी. एथिक्सची परवानगी मात्र पहिल्या सॅम्पलआधी, नंतर मागून मिळत नाही.

फ्लो_वाला:

मला पटलं, आणि मग फ्लो सोडून द्या असं मीच म्हणतो. गोव्यातून रोज ताजा माल येणं शक्य नाही. फॉर्मलिनच्या ब्लॉकवर सीडी३चं इम्युनोहिस्टो (गाठीचा काप अँटिबॉडीने रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं) करा, सीडी३-१२ क्लोन कुत्र्यात चालतो, टी सेल गाठीत कुठे बसल्यात ते पण दिसेल जे फ्लोमध्ये दिसत नाही. पहिली तीन कुत्री पाठवा, आधी स्लाइड बघू, मग पुढचं बोलू.

म्हापशाची_व्हेट:

चालेल. पण रस्त्यावरच्या कुत्र्याला सोडल्यावर सहा आठवडे शोधायचं कसं? कान कापलेला असतो त्यावरून नसबंदी झाली एवढंच कळतं, कुठलं कुत्रं ते नाही.

डिचोलीचो_गुरांदोतोर:

ज्यांना रोज खायला घालणारं कोणी आहे तीच घ्या आधी. आमच्याकडे देवळापाशी, बाजारात, प्रत्येक कुत्र्याची एक आजी किंवा हॉटेलवाला असतोच, त्यांचा फोन घ्या आणि चिप लावा. दर आठवड्याला डोसला तेच धरून देतील. माझ्याकडे तशी चार आहेत, दोघांना आत्ता गाठ आहे, अजून इंजेक्शन दिलेलं नाही. रविवारी येताय का?

म्हापशाची_व्हेट:

परवानगीचा अर्ज आज टाकते. तोवर नुसतं बघायला येते रविवारी, गाठ मोजून ठेवू आणि त्या आज्यांशी बोलून घेऊ. पण उपचार परवानगीसाठी थांबवू नका, या दोघांना इंजेक्शन द्या, सॅम्पल पुढच्यांचे घेऊ.