पिकोसेकंद लेझर: हिशोबात सुरक्षित असलेला आरसा मधोमध का जळतोय?

काचकाम_कुपवाड
कुपवाड एमआयडीसीत काच स्क्राइब करायला (तोडण्यासाठी रेघ कोरायला) १०६४ नॅनोमीटरचा लेझर चालवतो. पल्स १० पिकोसेकंद, १०० मायक्रोजूल, २०० किलोहर्ट्झ, बीम ६ मिमी. ४५ अंशातल्या आरशावरून वळून बीम १०० मिमी फोकसच्या प्लॅनो-कॉन्व्हेक्स (एक बाजू सपाट, एक फुगीर) लेन्समध्ये उतरतो. लेन्सची फुगीर बाजू बीमकडे, आरसा लेन्सच्या साधारण ५० मिमी वर. आरशाच्या बरोबर मधे बारीक खड्डा पडतो आणि वाढत जातो. आरसा बदलला तरी तिथेच. डेटाशीटवर नुकसानाची मर्यादा १० जूल प्रति चौ. सेमी लिहिलीय, मी काढलं तर आरशावर चौ. सेमीला १ मिलिजूलसुद्धा येत नाही. कोटिंगच खराब समजायचं का?

पातळ_थर
आधी डेटाशीट नीट वाचा. तो आकडा बहुतेक १० नॅनोसेकंदांच्या पल्सचा असणार. तिथे नुकसान उष्णतेने होतं: थरातला एखादा दोष किंवा धूळकण तापतो, भोवतालचं वितळतं, तडा जातो. म्हणून मर्यादा पल्सच्या कालावधीच्या वर्गमुळाप्रमाणे घटते. तुमची पल्स हजारपट लहान, म्हणजे मर्यादा साधारण ३२ पट कमी, ०.३ जूलच्या आसपास. १०-२० पिकोसेकंदांच्या खाली हा नियम चालत नाही, आणि तुम्ही अगदी काठावर आहात. त्यामुळे हा आकडा ढोबळच धरा.

त्याखाली कारणच बदलतं. फोटॉन १.१७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, फ्यूज्ड सिलिकाचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जा) ९ च्या जवळ, म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटायला आठ फोटॉन एकदम लागतात. कोटिंगच्या थरांतल्या हाफ्नियाचा (हाफ्नियम ऑक्साइड) गॅप साडेपाचच्या आसपास, तिथे पाच पुरतात. टँटलम ऑक्साइडला चार. सुटलेले इलेक्ट्रॉन टकरीतून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात. त्यांची संख्या घन सेमीला १०^२१ च्या घरात (१ वर २१ शून्यं) गेली की पदार्थ धातूसारखा प्रकाश शोषतो आणि तो भाग उडून जातो. म्हणून अल्ट्राफास्ट (अतिलघू पल्सचा) आरसा घेताना बाहेरच्या थरांत हाफ्निया-सिलिका आहे का ते विचारा, आणि मर्यादा पिकोसेकंदात मोजलेली मागा. नॅनोसेकंदाचा आकडा खरेदीला उपयोगाचा नाही.

पण एवढ्यानेही तुमचं कोडं सुटत नाही. ०.७ मिलिजूल आणि ०.३ जूल यांत ४०० पटीहून जास्त अंतर आहे.

किरणरेखा_सातारा
कोटिंगला दोष देऊ नका, अंतर बघा. तुमच्या लेन्सची सपाट बाजू खाली आहे. तिच्यावरून परतलेला प्रकाश लेन्समधून पुन्हा वर जातो, म्हणजे लेन्स दोनदा लागते आणि फोकस निम्म्यावर येतो: लेन्सच्या ५० मिमी वर. नेमका तिथेच तुमचा आरसा आहे!

लेन्सवरचं अँटीरिफ्लेक्शन (परावर्तन कमी करणारं) कोटिंग ०.२ टक्के परतवत असेल तर ०.२ मायक्रोजूल परत येतात. आदर्श बीमचा तिथला ठिपका साडेपाच मायक्रॉन त्रिज्येचा, म्हणजे ०.४ जूल प्रति चौ. सेमी. लेन्सचा गोलीय दोष (कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न मिळणं) धरला तर थोडं कमी भरेल. पण लेन्स जुनी असेल आणि ०.५ टक्के परतवत असेल तर १ जूलला पोचलात. सेकंदाला दोन लाख पल्स पडल्या की थरात दोष साठत जातात, आणि एका पल्सला टिकणारा आरसा लाखाव्या पल्सला टिकत नाही.

खात्री करायची तर ऊर्जा अगदी कमी करा, लेझरचा सुरक्षा चष्मा लावा आणि लेन्स १ अंश कलवा. परतीचा ठिपका आरशावर सुमारे पावणेदोन मिमी सरकेल, तो आयआर कार्डवर (अदृश्य इन्फ्रारेड प्रकाश दाखवणारं कार्ड) दिसतो. सरकला तर निदान पक्कं.

काचकाम_कुपवाड
अंतर मोजलं, ५१ मिमी आहे. मग लेन्स उलटी लावली तर चालेल का सर?

किरणरेखा_सातारा
नाही, उलटी लावू नका. फुगीर बाजू खाली गेली की आतून तीच अंतर्गोल आरशाचं काम करते आणि परतीचा फोकस लेन्सच्या फक्त १५ मिमीवर येतो. शिवाय कामाचा ठिपका बिघडतो. आरसाच हलवा. ८० मिमीवर नेला तर परतीचा बीम तिथे ३.६ मिमी रुंद असतो, मग काही होत नाही. जागा नसेल तर २५ मिमीवर आणा, तोही चालेल. आणखी एक, काच फोकसच्या खाली सरकली तर तिच्यावरून परतणारे ४ टक्के लांबवर, लेझरच्या दिशेने फोकस होतात. आयसोलेटर (परतीचा प्रकाश लेझरमध्ये जाऊ न देणारा भाग) आहे ना ते तपासा.

पातळ_थर
डागी आरसा ताबडतोब काढा. खड्ड्यातून उडालेली धूळ लेन्सवर बसते आणि मग लेन्सचाही नंबर लागतो. तो आरसा टाकू नका. १०० मिमीच्या फोकसखाली ठेवा, ०.५ ते १० मायक्रोजूलपर्यंत वेगवेगळ्या ऊर्जेच्या एकेक पल्स नव्या जागी मारा, आणि सांगलीच्या वालचंद कॉलेजमध्ये ओळख असेल तर मेटलर्जिकल मायक्रोस्कोपखाली खड्ड्यांचे व्यास मोजा. व्यासाचा वर्ग ऊर्जेच्या लॉगरिदमसमोर मांडला की सरळ रेष येते. ती शून्याला जिथे भिडते ती मर्यादेची ऊर्जा, आणि उतारावरून ठिपक्याची त्रिज्याही मिळते. मग हेच १०, १०० आणि १,००० पल्सला करा.

नवा आरसा बसवताना आधी रबरी बल्बने हवा मारा. मग लेन्स टिश्यूवर मेथेनॉलचे दोन थेंब टाकून एकाच दिशेने ओढा आणि टिश्यू फेकून द्या. शेजारी ग्राइंडिंग चालत असेल तर बीमचा मार्ग नळीत बंद करून आत कोरडी, गाळलेली हवा सोडा.