रेड कंट्रोलरचा कॅश: 'ऑलवेज राइट बॅक' करू का?

अंबडवाला: कारखान्यात टॅलीचा सर्व्हर आहे, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो अशी मांडणी), चार डिस्क. परवापासून सेव्ह दाबलं की अकाउंटच्या ताई चहा पिऊन येतात. डिस्क सांभाळणाऱ्या रेड कंट्रोलर कार्डमध्ये बॅटरीपुढे लाल खूण, कॅशची पॉलिसी आपोआप राइट थ्रू (डिस्कवर उतरल्यावरच 'लिहिलं' म्हणायचं) झालेली. यूपीएस आहेच, मग 'ऑलवेज राइट बॅक' (बॅटरी नसली तरी राइट बॅकच) करून टाकू? मालक मागे लागलेत.

सातपूरकर: नको भाऊ. राइट बॅकमध्ये डेटा कंट्रोलरच्या रॅममध्ये (हाच कॅश) पोचला की कंट्रोलर 'लिहिलं' असं सांगून मोकळा होतो, डेटा डिस्कवर नंतर उतरतो. मध्येच लाईट गेली आणि ती रॅम जपणारी बॅटरी मेलेली असली, की तेवढ्या नोंदी गेल्या. फाइल सिस्टीमही बिघडू शकते. सर्व्हरचा पॉवर सप्लायच जळाला तर यूपीएस काय करणार? आणि रेड ५ वर छोटी नोंद लिहायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशेब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. राइट थ्रूमध्ये हे सगळं होईपर्यंत ताई थांबणारच. मालकांना बॅटरीचं बिल दाखवा.

गंगापूर रोड: लर्न सायकल नाही ना चालू? त्यात बॅटरी मुद्दाम उतरवून पुन्हा भरतात, तोवर राइट थ्रूच राहतं.

अंबडवाला: नाही, लॉगमध्ये सरळ 'बॅटरी बदला' आहे. मागवतो. तोवर डिस्कचा स्वतःचा कॅश चालू करू?

सातपूरकर: अहो, तोही बंदच! कंट्रोलरची बॅटरी त्याला वाचवत नाही. नवी बसवल्यावर चार्ज होऊ द्या, मग साधं राइट बॅक. 'ऑलवेज'वालं नाही.