ऑगरला विंच लावला तर चालेल का?

बोरिवलीचा_भिडू:
मंडळी, मागच्या रविवारी मनोरीला मित्राच्या वाडीत जिप्सी चिखलात बसली, गाडीला विंच (दोरी गुंडाळत गाडी ओढून काढणारं यंत्र) आहे पण दोरी अडकवायला जवळ एक झाड नाही, शेवटी ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडलो. वाडीत खड्डे खणायचं हातानं फिरवायचं ऑगर पडलंय, सहा इंची. तेच जमिनीत फिरवून तसंच ठेवलं आणि त्याला विंच लावला तर?

चिखल_एक्सप्रेस:
नको रे. ते माती मोकळी करून वर काढायलाच बनवलंय, म्हणजे जी माती धरणार तीच तू आधी भुसभुशीत करणार. अँकरचा, म्हणजे दोरी अडकवायला जमिनीत रोवतात तो स्क्रू वेगळा, दांड्याला खाली एखादंच रुंद पातं, माती फार न उकरता आत शिरतो. आणि चिखलात तर तोही लोण्यातल्या सुरीसारखा निघतो 😅

जुना_गॅरेजवाला:
आम्ही स्टेपनी पुरायचो. कंबरभर खड्डा, स्टेपनी उभी, मागून पहार आडवी, आणि दोरीसाठी गाडीकडे तिरका चर, नाहीतर दोरी वर खेचते नि स्टेपनी उपटून येते. घाम निघतो पण धरते. दोरीवर ओली गोणी टाक, तुटली तर चाबकासारखी येते.

बोरिवलीचा_भिडू:
काका, पुली लावून ताण अर्धा केला तर ऑगर टिकेल?

जुना_गॅरेजवाला:
अर्धा विंचवरचा होतो बाळा, अँकरवरचा नाही. पुली अँकरला, दोरी तिच्यातून फिरून परत गाडीला, म्हणजे दोन्ही दोऱ्या अँकरलाच ओढणार.

बोरिवलीचा_भिडू:
हे डोक्यातच नव्हतं आलं. पहार घेतो.