डिव्हाइस पाथ: आधी तपासायचा की आधी ओपन करायचा?

महापेकर: आमच्या लिनक्स बॉक्सला वजनकाटा आणि लेबल प्रिंटर, दोन्ही यूएसबी-सिरीयल केबलवर लागतात. रिव्ह्यूला आलेल्या कोडमध्ये कॉन्फिग फाईलमधलं नाव डेव्ह फोल्डरच्या (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं जिथे फाईल म्हणून दिसतात) पुढे जोडलंय, स्टॅट करून (न उघडता, नावावरून फाईलची माहिती घेऊन) कॅरेक्टर डिव्हाइस, म्हणजे बाइट-बाइट वाचता-लिहिता येणारं उपकरण, आहे का बघितलंय आणि मग ओपन. मी अडवला. नावात दोन टिंबं-स्लॅश (म्हणजे 'एक फोल्डर वर जा') आले की पाथ भलतीकडे जातो, आणि स्टॅट आणि ओपनच्या मधे केबल निघून दुसरी लागली तर तपासलं एक, उघडलं भलतंच. आधी ओपन करा, मग त्याच डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाईलचा नंबर) एफस्टॅट, म्हणजे जे उघडलं त्याचीच तपासणी. टीममधले म्हणतात अतिरेक आहे, मला नाही वाटत.

वागळे_इस्टेट: अतिरेकच आहे हो. बॉक्स बाहेरच्यांसाठी बंद, कॉन्फिग रूटशिवाय (मुख्य अ‍ॅडमिन) कोणी बदलू शकत नाही, त्या मिलिसेकंदात केबल कोण बदलतंय? यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारी यंत्रणा) एक रूल लिहा, काट्याला कायमचं नाव द्या, विषय संपला. आणि आधी ओपन म्हणताय पण सिरीयल पोर्ट ओपन केला की डीटीआर लाईन ('मी तयार आहे' सांगणारा सिग्नल) वर जाते, काही बोर्ड तिथेच रिसेट होतात, त्याचं काय?

महापेकर: डीटीआरचा मुद्दा बरोबर, तसा बोर्ड असेल तर वेगळा विचार करावा लागेल, आमच्या काट्याला फरक पडत नाही. पण मी हल्ल्याचं म्हणतच नाहीये. महापे एमआयडीसीत लाईट जाऊन आली की बॉक्स परत चालू होतो, आणि जी केबल आधी सापडेल तिला टीटीवाययूएसबी-झीरो हे पहिलं नाव. उद्या तो नंबर प्रिंटरला गेला तर? दोन्ही कॅरेक्टर डिव्हाइस, दोघांचा मेजर नंबर (कोणता ड्रायव्हर ते सांगणारा) 188, तुमचा स्टॅट दोघांनाही पास करणार. म्हणून एफस्टॅटमधून मेजर-मायनर (मायनर म्हणजे त्यातलं नेमकं कोणतं उपकरण) घ्यायचा, सिस फोल्डरमधून (कर्नल उपकरणांची माहिती जिथे मांडतो) खऱ्या यूएसबी डिव्हाइसपर्यंत जायचं, व्हेंडर आयडी (कंपनीचा क्रमांक) आणि सिरीयल नंबर जुळला तरच पुढे लिहायचं.

ऐरोली_फर्मवेअर: सिरीयल नंबर म्हणताय, पण स्वस्तातल्या सीएच340 चिपच्या केबलना बहुतेक वेळा तो नसतोच. दोन सारख्या केबल लावल्या की बाय-आयडीमध्ये (यूडेव्ह उपकरणाच्या ओळखीवरून नावं ठेवतो तो फोल्डर) दोघींचं नाव एकच, मग यूडेव्हचा रूलही गंडतो आणि तुमचा चेकही. बाय-पाथ वापरा, नाव सॉकेटवरून ठरतं, फक्त सॉकेटवर 'काटा' आणि 'प्रिंटर' असे स्टिकर लावा.

वागळे_इस्टेट: हे पटलं. तरी ओळख पटवायचं काम यूडेव्हकडेच ठेवा, प्रत्येक प्रोग्राममध्ये सिस फोल्डर खणत बसलात तर त्या पाथ जोडण्यातच नवे बग निघतील.

महापेकर: यूडेव्ह ठेवतोच, बाय-पाथवरून साधं नाव देणारा रूल लिहून. पण ओपननंतरचा चेक आणि नावात फक्त अक्षरं-आकडे ही अट झाल्याशिवाय मी अप्रूव्ह करणार नाही.