खुब्याचा सांधा बदलला, उद्या डिस्चार्ज. घरी फिजिओ कसा लावावा? (नाशिक)

गोदाकाठचा
आई, वय ६९. डाव्या खुब्याचा सांधा पूर्ण बदललाय, उद्या घरी सोडतील. घर पंचवटीत, जुना वाडा, आम्ही पहिल्या मजल्यावर, संडास भारतीय. घरी येणारा फिजिओ बरा की क्लिनिक? वॉकर, कमोड विकत घ्यावं की भाड्याने? कार्डावर फक्त 'फिजिओथेरपी चालू ठेवणे' एवढंच लिहिलंय.

खुबा_गुडघा
त्या एका ओळीवर घरी नेऊ नका. उद्या सर्जनकडून तीन गोष्टी कार्डावर लिहून घ्या: सांधा मागून बसवला की पुढून, पायावर किती वजन टाकायचं, आणि कोणती बंधनं किती आठवडे. मागून केलं असेल तर साधारणपणे खुबा ९० अंशांच्या पुढे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. पुढून केलं असेल तर उलट, पाय फार मागे नेणं आणि पाऊल बाहेर वळवणं टाळायचं. हे माहीत नसलेला फिजिओ कितीही चांगला असला तरी अंदाजानेच व्यायाम देणार.

पहिले काही आठवडे घरीच बोलवा. त्याने खाट, खुर्ची, संडास स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवेत. बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) आहे ना आणि फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेकडची नोंदणी आहे ना, ते बेधडक विचारा. मालिशवाल्याला फिजिओ म्हणून आणणारे कमी नाहीत.

गोदाकाठचा
मागूनच केलंय, आताच विचारलं. पूर्ण वजन टाकायला परवानगी आहे.

रबरीबूट
मग आधी घरातल्या उंच्या मोजा. आईंना चप्पल घालून उभं करा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत टेप लावा. बसायची प्रत्येक जागा त्याहून दोन इंच तरी उंच हवी, म्हणजे बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतात. सोफा बाद, दिसतो उंच, पण बसलं की खाली जातो. मऊ फोमची चार इंची गादीही वजनाने इंचभर होते, कडक फोम आणा. खुर्ची हात असलेलीच हवी.

भारतीय भांड्यावर चार पायांची कमोड खुर्ची ठेवतात, पण तिचे पाय पायठ्यांवर चढले की ती डुगडुगते. आधी तुम्ही स्वतः बसून, पुढे झुकून बघा. वॉकर आणि कमोड दोन-तीन महिन्यांपुरतेच लागतात, भाड्याने पुरे. मात्र वॉकर घेताना उलटा करून पायांचे रबरी बूट बघा. मध्ये झिजून आतली नळी दिसत असेल तर ओल्या फरशीवर तो सटकणारच. नवे बूट स्वस्त मिळतात. उंची अशी ठेवा की हात सरळ खाली सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी येईल.

खुबा_गुडघा
व्यायाम आता घ्या. जागेपणी दर तासाला घोट्यापासून पाऊल वर-खाली, १०-१५ वेळा. पोटरीत रक्त साचू नये म्हणून. मांडी ताणून गुडघा गादीत दाबणं आणि नितंब आवळणं, प्रत्येकी ५ सेकंद धरून १० वेळा, दिवसातून तीनदा. टाच सरकवत पाय वाकवताना टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवा, म्हणजे ती चादरीत अडकत नाही. पाय सरळ उचलण्याचा व्यायाम मात्र सांगितल्याशिवाय नको, सांध्यावर त्याचा फार ताण येतो.

गुडघ्याखाली उशी ठेवू नका. बरं वाटतं खरं, पण खुबा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. उशी दोन पायांच्या मध्ये ठेवा.

चालताना आधी वॉकर, मग डावा पाय, मग उजवा. वळताना पाऊल रोवून अंग फिरवायचं नाही. डाव्या पायावर उभं राहून डावीकडे वळलं की खुबा आत फिरतो, नेमकं तेच टाळायचंय. छोटी छोटी पावलं टाकत वळायचं.

मखमलाबादी
मध्येच विचारतो, वडिलांना पडल्यामुळे खुब्यात रॉड घातलाय. हेच नियम?

खुबा_गुडघा
नाही. तिथे सांधा मूळचाच आहे, त्यामुळे सांधा निखळण्याची ही बंधनं सहसा नसतात. प्रश्न वजनाचा असतो: हाड किती जुळलंय ते एक्स-रेवर बघून सर्जन ठरवतात. वेगळा धागा काढा, इथे घोळ होईल.

रबरीबूट
जिन्याचं राहिलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. पण वाड्याच्या जिन्याला कठड्याऐवजी दोर असेल तर तो आधार धरू नका, दोर हलतो. खाली एखादी खोली मिळाली तर पहिले काही आठवडे तिथेच ठेवा. नाही तर डिस्चार्जआधी हॉस्पिटलच्या फिजिओकडून जिना दोनदा करून घ्या.

रिक्षा नको, सीट बुटकी आणि आत शिरताना कमरेत वाकावं लागतं. कारची पुढची सीट पूर्ण मागे, पाठ तिरकी. आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. चालायला जवळच्या एखाद्या सोसायटीचं पार्किंग चालेल. घाटाच्या फरश्या पावसाळ्यात शेवाळलेल्या असतात, तिकडे जाऊच नका.

वॉकर सुटला की काठी उजव्या हातात, म्हणजे विरुद्ध बाजूला. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असेपर्यंत ती सोडली तर लंगडण्याची सवय लागते.

खुबा_गुडघा
पोटरी एकाच बाजूला सुजली, दुखते. अचानक धाप लागली. किंवा कट्कन होऊन पाय आखूड आणि आत वळलेला दिसला: फिजिओला फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल. सुजलेली पोटरी चोळायची नाही. रक्त पातळ करणारी गोळी मनाने थांबवायची नाही.

गोदाकाठचा
खालची खोली शेजारच्या काकूंनी दिली. आई विचारते, वणीला सप्तशृंगी गडावर कधी जाता येईल?

रबरीबूट
गडावर ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्यांची अडचण कमी. आधी काठीने वीस मिनिटं सलग चालता यायला हवं आणि सर्जनचा होकार हवा. नवरात्र आणि कोजागिरी सोडून न्या, गर्दीत धक्का लागतो. वाटेत पाऊण-एक तासाने गाडी थांबवून त्यांना चार पावलं चालवा.